रविवारची डबल ड्यूटी

३० मार्च, रविवार

पाचव्या फेरीला बाहेर काढलं. वीस फेऱ्यांची शर्यत! रस्त्याकडेला पिवळं जाकीट घातलेला माणूस शिट्टी वाजवत हात हलवत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय. तो थांब म्हणत होता. पुढच्या घोळक्यानं मला एक अख्खी फेरी मागं टाकलं होतं. असं झालं की उतरायचं असतं — नियम.

कारखान्यांच्या वसाहतीतला रस्ता. रविवारी सगळं बंद, म्हणून त्यावरच गोल गोल फिरायचं. एका वळणावर बेकरीचा वास येतो. मला पाच वेळा आला, बाकीच्यांना वीस वेळा.

उटे म्हणाली, "पहिल्या शर्यतीत मला दुसऱ्याच फेरीला काढलं होतं." उटे माझ्या वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स, अठ्ठावन्न वर्षांची. मी चालवते ती सायकल तिचीच, जुनी. दुसऱ्या फेरीचं खोटं सांगत असावी. तरी बरं वाटलं.

जर्मनीतली घड्याळं आजपासून एक तास पुढं. झोप तासानं कमी. पण घरचं आणि माझं अंतर आता साडेचारऐवजी साडेतीन तास. तेवढीच लेकीच्या, तेजूच्या जवळ सरकले.

दीडला खोलीवर आले. म्हणजे घरी पाच वाजलेले. फोन केला नाही. डबल ड्यूटी सांगितलीय.

३१ मार्च

मांड्यांचे दगड झालेत. सकाळची पाळी. सहा जणांच्या आंघोळी. एक आजोबा पडता पडता धरले. अर्धी भाकरी खाऊन आडवी.

५ एप्रिल

इथं तरी खरं लिहिते. रविवारी डबल ड्यूटी नसते. कधीच नव्हती.

मागच्या सप्टेंबरात उटेनं विचारलं होतं, "रविवारी काय करतेस?" म्हटलं, घरी फोन करते. "दिवसभर?" तसं नव्हे. पण फोनच्या आधी वाट बघते आणि नंतर रडते, त्यात दिवस जातो. हे तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं. पुढच्या रविवारी दारात उभी — दोन सायकली घेऊन.

दोन तास चालवली. पाय मोडले. पण त्या दोन तासांत डोक्यात कुणी बोललं नाही. तेजू नाही, आई नाही, वॉर्डातली घंटा नाही. इथं आल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदा! घरी आले तेव्हा फोनची वेळ टळून गेली होती. तोंडातून निघून गेलं — आज डबल ड्यूटी लागली गं. पुढच्या रविवारी परत लागली. मग लागतच गेली. मग उटेनं शर्यतीचा फॉर्म आणला.

आता फोन शनिवारी. शनिवारी तेजूची सकाळची शाळा. दुपारी ती शेजारच्या सत्यवतीवहिनींच्या पोरींबरोबर खेळायला पळते.

"जेवलीस?"

"हो."

"काय होतं?"

"सुकट. मम्मी, ठेवू?"

चार मिनिटं.

१३ एप्रिल, रविवार

आज डोंगरातली शर्यत. पहिल्याच चढाला गळाले. शर्यतीच्या शेवटी एक गाडी येते, मागं राहिलेल्यांना उचलायला. तिला इथले लोक झाडूगाडी म्हणतात. खरंच! मागं एक झाडूही बांधलेला होता. मी केर.

गाडीवाल्या म्हाताऱ्यानं केळं दिलं. म्हणाला, "उद्या सोमवार. सगळेच कामाला जाणार. पहिला आलेलाही."

१४ एप्रिल

जयंती. दुपारची पाळी. जेवणाच्या सुट्टीत औषधांच्या खोलीत उभ्यानं व्हिडिओ बघितला. तेजू पांढऱ्या फ्रॉकमध्ये, विहारापुढं भाषण करतेय. आप्पांनी लिहून दिलेलं असणार, माझे वडील, चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. मधेच अडली. पुढं गर्दीत बघितलं. आईकडं, म्हणजे तिच्या आजीकडं. आईनं ओठांनी शब्द सांगितला. पुढचं सगळं धडाधड म्हणाली.

व्हिडिओ तीनदा बघितला. तिन्ही वेळा ती अडल्यावर माझाच श्वास अडला. माझ्याकडं बघितलं असतं तर मला शब्द माहीत नव्हता.

१७ एप्रिल

आला!! तेजूचा व्हिसा आला. अर्ज नोव्हेंबरचा. दोन खोल्यांचं घर दाखवा, पगार दाखवा, बापाची सही आणा. तिच्या बाबांनी नालासोपाऱ्यात दुसरा संसार मांडलाय, पण सही लगेच दिली. सप्टेंबरअखेरपर्यंत येऊन पोचायचं आहे.

मे महिनाभर रजा मिळाली. जाईन, घेऊन येईन. उन्हाळाभर भाषा शिकेल, मग शाळा.

आईला सांगितलं. "बरा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आंबे संपायच्या आत ये."

२७ एप्रिल, रविवार

पूर्ण केली! बावन्न जणांत एकोणपन्नासावी. पण पूर्ण. तीच कारखान्यांची वसाहत, तेच वळण. वीस वेळा पावाचा वास.

उटेनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "समोरच्या चाकाकडं बघू नको, माणसाच्या कमरेकडं बघ. चाक उशिरा सांगतं." तेच केलं. घोळक्यात राहिलं की वारा लागत नाही, आपोआप ओढलं जातं कुणीतरी नेल्यासारखं. मी इथं आल्यापासून मला कुणी असं नेलं नव्हतं.

शेवटच्या रेषेवर क्लबच्या माणसानं फोटो काढला. कुणाला दाखवायचा?

३ मे

घरी.

धाकटा भाऊ राहुल विमानतळावर गाडी घेऊन आला होता. पनवेल, माणगाव, म्हसळा — मी निम्म्या रस्त्यात झोपले. उठवलं तेव्हा बोर्लीच्या पुढं आलो होतो, काजूचा वास यायला लागला होता.

तेजू दारात. केवढी उंच झालीय! मी वाकले, तर आप्पांच्या मागं गेली. आप्पा म्हणाले, "अगं मम्मी आलीय." ती म्हणाली, "माहितेय."

मग तासाभरानं माझी बॅग उघडायला आपण होऊन आली. चॉकलेटं काढली, मोजून चार ढीग केले. आजी, आप्पा, राहुलमामा, ती. माझा ढीग नव्हता. "मम्मीला तिकडं रोजच मिळतात," म्हणाली.

६ मे

आप्पा वाळलेत. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला येता आलं नव्हतं. फोनवर रिपोर्ट वाचून दाखवायला लावले होते. आज नाडी बघितली. "नर्सबाई, पास का?" म्हणाले. ठीक आहे. फार चांगली नाही.

सगळं घर तेजूच्या वेळेवर चालतं. आई तिची वेणी घालते तेव्हा दोघी बोलत नाहीत. डोकं कधी वळवायचं ते तिला ठाऊक. मी घातली तर "आऊ" म्हणाली. भांग वाकडा.

८ मे

सत्यवतीवहिनींच्या थोरलीची शाळेत मिळालेली सायकल मागून घेतली. गिअर नाहीत, घोड्यासारखी जड. सकाळी साडेपाचला दिघीच्या खाडीपर्यंत जाऊन आले. चढावर उतरून ढकलली. लाज नाही वाटली, इथं कुणी शिट्टी मारत नाही.

परत आले तर आई अंगणात. "सकाळच्या पारी कुठं गेलेलीस गो?" व्यायामाला, म्हटलं.

११ मे, रविवार

राहुल काल संध्याकाळी पनवेलहून आला. आज जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवला.

"ताई, हे काय?"

तोच फोटो. रेषेवरचा. तोंड उघडं, छातीवर दोनशे चौदा नंबर. खाली तारीख, सत्तावीस एप्रिल.

"मी सहज तुझं नाव टाकलं. निकालच निघाले. तीन-चार शर्यती आहेत यार. सगळ्या रविवारच्या." मग हळू म्हणाला, "रविवारी तुझी डबल ड्यूटी ना?"

कालवण वाढता वाढता आईचा हात थांबला. "पोर हतं ठेवून तू तिकडं सायकली फिरवतेस व्हय?"

थकले होते म्हणून? एकटी होते म्हणून? तीही तर होती एकटी. मी गेले तेव्हा सहा वर्षांची.

"रविवारी पोर दाराशी फोन घेऊन बसायची," आई म्हणाली. "पहिलं चार-सा महिनं. मंग बसायची बंद झाली. मी म्हटलं, आयशीला काम हाय. मी खोटी पडली."

तेजूनं मोबाईल घेतला. फोटो बोटांनी मोठा केला.

"मम्मी, ही तू आहेस? तुझ्या नाकातून शेंबूड आलाय."

कुणी हसलं नाही. हात धुवायला उठले ती मागच्या पडवीत जाऊन बसले. राहुल आला, म्हणाला, "सॉरी ताई, मला वाटलं आप्पांना अभिमान वाटेल." खरं असेलही. चेहरा पडला होता त्याचा.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना, घरी खीर. आई माझ्याशी ताट-वाटीपुरतं बोलते.

दुपारी आप्पा बाजेवर होते. म्हणाले, "बस. मला समजावून सांग. काय असतं त्यात?"

सांगितलं. फेऱ्या, घोळका, झाडूगाडी. घोळक्याच्या आत वारा लागत नाही, मागं पडलं की सगळा वारा एकटीच्या छातीवर. ते विद्यार्थ्याचं ऐकावं तसं ऐकत होते. मग म्हणाले, "मी तेवीस वर्षं सायकलनं शाळेत गेलो. रोजचे चौदा किलोमीटर. घरी सांगायचो, काय करणार, एस.टी. वेळेवर नाही. एस.टी. वेळेवर असायची."

मी बाजेवर त्यांच्या शेजारी सरकले.

"खोटं बोललीस ते वाईट," म्हणाले. "सायकल चालवलीस ते नाही. तेजूला तू स्वतः सांग."

१३ मे

सांगितलं. माफी मागितली. ती चित्र काढत होती. "ठीकेय," म्हणाली. रंग बदलला.

१५ मे

आज दिवस चांगला.

तेजू आपण होऊन म्हणाली, "मीपण येते सायकलवर." तिची छोटी, माझी घोड्यासारखी. दिघीपर्यंत दोनदा थांबलो, एकदा पाणी, एकदा करवंदं. मग तिला बोटीत बसायचं होतं. सायकली चढवल्या आणि आगरदांड्याला गेलो. गाड्यांच्या मधे आम्ही दोघी कठड्याला टेकून.

"तू तिकडं पहिली येतेस का?"

"नाही. बहुतेक शेवटची."

"मग कशाला जातेस?"

"शेवटचीसुद्धा घरी पोचतेच की."

तिला पटलं नाही. "माझी शर्यत लागली ना, तर मी पहिलीच येईन." मग विचारलं, "तिकडं मुलींची असते? नऊ वर्षांच्या?"

असते! कितीतरी असतात. हेल्मेटं, नंबर, पदकं, सगळं सांगितलं. डोळे मोठे करून ऐकत होती. किल्ला दिसायला लागला तरी तिकडं बघितलं नाही. उतरताना माझा हात धरला, उतारावर. खाली आल्यावर सोडला नाही.

परत येताना ती पुढं, मी मागं. तिच्या कमरेकडं बघत.

घरी आल्यावर तिनं आजीला सगळं सांगितलं. शर्यती, पदकं, तिकडची शाळा. आई भाकऱ्या थापत होती. "हां हां," करत होती.

१९ मे

तेजू येणार नाही म्हणाली.

बॅग भरायला काढली होती. कपडे निवडत होते, हे घालते का, हे लहान झालं का. ती दारात उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मम्मी, मी येणार नाही. मला इथंच राहायचंय."

मला वाटलं, भीती वाटतेय. जवळ घेतलं. अंग ताठ. "विमानाची भीती वाटते?" मान हलवली, नाही. "मैत्रिणी?" नाही. "मग?"

"इथंच राहायचंय."

विचारू नये ते विचारलं. "रविवारी फोन केला नाही म्हणून? सायकलमुळं?"

खाली बघत होती. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

मी तेच उत्तर धरलं.

आई म्हणाली, "पोरीचं मन न्हाय, तर वढून नेशील काय?" चुलीकडं तोंड करून म्हणाली.

२० मे

काही नाही.

२३ मे

पहाटे उठून हरिहरेश्वरला निघाले. का, माहीत नाही. लांब होतं म्हणून. श्रीवर्धनच्या अलीकडं चेन पडली, हात काळे करून बसवली. पोचले तेव्हा उन्हं चढली होती. देवळापाशी टुरिस्टांच्या गाड्या, नारळपाणी. मी सायकल टेकवून खडकांवर बसले.

तिथं नुसती बसले होते. पायांत, पाठीत, डोक्यात — सगळीकडं थकवा. आठ तासांची पाळी केल्यावर येतो तो नव्हे. पेशंट गेल्यावर पलंग आवरताना येतो तो.

उतारवयाच्या एक बाई शेजारी येऊन बसल्या. दिवेआगरच्या, ठमाबाई नाव. "एकलीच आलीस? सायकलवर? घरचे काय म्हनत न्हायत?" म्हटलं, म्हणतात. "म्हनू दे," म्हणाल्या. अर्धं कापलेलं कलिंगड दिलं. घरी सांगून यायला हवं होतं.

परत यायला चार तास लागले. तेजू रस्त्यावर, वळणापर्यंत आली होती. मला बघितलं आणि पळत घरात गेली.

२६ मे

परत एकदा विचारलं. आप्पांनीही माझ्यादेखत विचारलं, "तेजू, खरं सांग, तुला जायचंय का?" ती त्यांच्याकडं बघून रडायला लागली आणि त्यांच्या पोटाला मिठी मारली. आप्पा म्हणाले, "राहू दे आता. नको छळूस तिला."

बॅगेतून तिचे कपडे काढले. सत्यवतीवहिनी घड्या घालायला बसल्या.

३० मे

निघाले. एकटी. वळणापर्यंत तेजूनं हात हलवला. मग मागं बघायला मी वळले नाही.

८ जून, रविवार

शर्यत होती. गेले नाही. उटे दारात आली, परत गेली.

साडेअकराला घरी फोन केला. "आज ड्यूटी नाही?" तेजूनं विचारलं. नाही, म्हटलं. आता रविवारी कधीच नाही.

"बरं," म्हणाली.

१५ जून

सायकल तळघरात ठेवली. वर चादर.

नवस आपण करत नाही. आप्पांनी बालपणीच सांगितलंय, बाबासाहेबांनी ते सगळं सोडायला सांगितलं. पण मनातल्या मनात केलाच. सायकलला हात लावणार नाही, तेजू हो म्हणेपर्यंत. असं केलं तर ती येईल असं कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मीच.

२९ जून

रविवार. फोन. अकरा मिनिटं. शाळेत नवीन बाई, किशोरी नावाची मैत्रीण, आप्पांचा खोकला. मी विचारते, ती सांगते. येण्याचं काही नाही.

१३ जुलै

रजेवर गेलेल्यांच्या पाळ्या सगळ्या माझ्याकडं. आता खरंच डबल ड्यूटी. हसू आलं.

२० जुलै

उटेनं कँटीनमध्ये समोर बसवलं. "सायकलनं काय केलंय तुझं?"

सगळं सांगितलं. मोडक्या जर्मनमध्ये आई, फोटो, तेजूचं गप्प राहणं. तिची कॉफी निवली. शेवटी म्हणाली, "तू सायकल सोडलीस हे लेकीला सांगितलंस?"

नाही.

"मग ही शिक्षा कुणाला देते आहेस? तिला तर माहीतही नाही."

राग आला. उठून गेले. तिला मूल नाही, तिला काय कळणार — असं मनात आलं. लिहिताना लाज वाटते.

३ ऑगस्ट

वजन चार किलो कमी. झोप येते, पण झोपून विश्रांती नाही. आरशात आई दिसते.

१० ऑगस्ट, रविवार

फोन झाला. तेजूनं विचारलं, "मम्मी, शर्यतीचा नवा फोटो नाही आला? मामाच्या मोबाईलवर बघत असते मी."

बघत असते!

"बंद केली बाळा," म्हटलं.

"का?"

"वेळ नाही," म्हटलं. परत खोटं. आणि ती नाराज झाली! स्पष्ट ऐकू आलं. "किशोरीला सांगितलं होतं मी," म्हणाली.

फोन ठेवल्यावर तळघरात गेले. चादर काढली. हवा उतरलेली दोन्ही चाकांची. भरली.

११ ऑगस्ट

उटेची माफी मागितली. तिनं केक आणला होता, माफी आज येणारच हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखा.

२४ ऑगस्ट

दोन आठवड्यांत काय होतं! चढावर जीव जातो. तरी कामावरून सुटल्यावर रोज तास. नवस मोडला. काहीच बदललं नाही — ना धरल्यानं, ना मोडल्यानं. फक्त मधे पाय गेले.

तेजूला आधीच सांगून ठेवलं, सात तारखेला शर्यत आहे, फोन उशिरा करीन. "चालेल," म्हणाली. एवढं सोपं होतं. वर्षभर एवढं सोपं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

मोसमातली शेवटची. सपाट रस्ता, शेतांमधून, मक्याच्या कडेनं. वारा आडवा. आडवा वारा आला की घोळका फुटतो, मागच्यांना आसरा राहत नाही. दहाव्या किलोमीटरला मला वाटलं, झालं. समोरच्या बाईच्या आणि माझ्या मधे एक सायकलभर अंतर पडलं. मग दोन. एरवी मी इथंच सोडून देते. आज का नाही सोडलं, सांगता येत नाही. रागानं नाही. थकले होतेच. पण थकलेली तर मी रोजच असते, आणि रोज उठून पाळीला जातेच की! तसंच काहीसं. मान खाली, तोंडातून आवाज येत होता माझ्या, जनावरासारखा. मिनिटभर असेल. मग वारा एकदम थांबला. मी आत होते, घोळक्यात.

शेवटपर्यंत आत राहिले. सत्तेचाळीस जणांत एकतिसावी.

रस्त्याकडेला गवतावर बसूनच फोन लावला. छाती अजून भरलेली.

"शर्यत झाली."

"कितवी?"

"एकतिसावी."

"किती जणांत?"

"सत्तेचाळीस."

मनातल्या मनात वजाबाकी. "म्हणजे तुझ्या मागं सोळा जण!" ओरडलीच. मग तिचा आवाज लांब गेला, "आप्पा! मम्मीच्या मागं सोळा जण!"

परत फोनवर आली. काहीतरी बोलायचं होतं तिला. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "मम्मी, ठेवते."

इथल्या शाळेला पत्र लिहायचं राहिलंय, तेजूचं नाव काढून टाका म्हणून. उद्या लिहीन.

८ सप्टेंबर

लिहिलं नाही.

१० सप्टेंबर

आप्पांचा फोन. ते आपण होऊन कधी लावत नाहीत. मी वॉर्डात होते, उचलला.

"सकाळी मला जरा चक्कर आली. विशेष नाही, आता बरा आहे. पण पोर किंचाळायला लागली. ‘मी कुठं जाणार नाही, आप्पा उठा, मी कुठंच जाणार नाही.’ मग काढून घेतलं तिच्याकडून." खोकले. "तुझ्या आईनं तिला मे महिन्यात सांगितलं होतं. ‘तू गेलीस तर आप्पा जगायचे नाहीत.’ प्रांजली, सायकलचा काही संबंध नव्हता. तू ये. तिला घेऊन जा."

मागं आई रडत होती. मग फोनवर तेजू आली.

"मम्मी, मी आले तर आप्पांना काही होणार नाही ना?"

बारा वर्षं नर्स आहे. पेशंटच्या घरच्यांना मी असा शब्द कधीच देत नाही.

"नाही होणार," म्हटलं.